सड्यावरचं व्याख्यान आणि माशाच्या शेपटीतला चुना

गावाचं नाव, माणसांची नावं मुद्दाम देत नाहीये. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातलं गाव आहे एवढं पुरे, इकडच्या माणसाला सडा म्हटलं की बाकीचं आपोआप समजतं. मी तालुक्याच्या एका ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर आहे आणि हे सगळं घडलं तेव्हा कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे खाली जिथे जिथे "आमचं चुकलं" असं येईल तिथे बरंचसं "माझं चुकलं" असं वाचायला हरकत नाही.

पार्श्वभूमी

आमच्याकडे दर डिसेंबरात तीन दिवसांची व्याख्यानमाला असते. तेच श्रोते, त्याच खुर्च्या, शेवटी चहा आणि बटाटावडा. त्या वर्षी ठरवलं की तिन्ही दिवस कोकणच्या जुन्या इतिहासाला द्यायचे. पहिल्या दिवशी बंदरं, म्हणजे पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात सेमिल्ला नावाने येणारं आपलं चौल वगैरे. दुसऱ्या दिवशी दापोली तालुक्यातली पन्हाळेकाजीची २९ लेणी, आधी बौद्ध, मग शैव, मग नाथपंथी असे एकाच डोंगरात एकावर एक आलेले थर. आणि तिसऱ्या दिवशी कातळशिल्पं, शिवाय चौथ्या दिवशी सकाळी प्रत्यक्ष सड्यावर जाऊन बघणं.

पहिले दोन दिवस झकास गेले. का गेले ते मला खूप नंतर कळलं. चौलवर बोलताना सभागृहात चौलचा कुणी जमीनमालक बसलेला नव्हता. तिसऱ्या दिवशी मात्र ज्याच्या जमिनीबद्दल बोलणं चाललं होतं तो माणूस मागून दुसऱ्या रांगेत बसला होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडे डोंगर चढून वर आलं की सपाट जांभ्या दगडाचं पठार लागतं, तो सडा. झाड नाही, सावली नाही, मातीही जेमतेम. या कातळावर कोरलेल्या आकृत्या आहेत, हत्ती, वाघ, मासे, कासवं, माणसं, चौकोनी नक्षी. गावकऱ्यांना त्या पिढ्यान्‌पिढ्या माहीत होत्या, पण रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे वगैरे मंडळींनी सडे पायी पालथे घालून नोंदी केल्या तेव्हा आकडा हजाराच्या वर गेला. कशेळीला साधारण १८ मीटर बाय १३ मीटरचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस आहे. २०२२ मध्ये कशेळी, उक्षी, जांभरूण, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ ही ९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली.

आमचं गाव त्या नवात नाही. आमच्याकडे एक मोठा मासा आहे, शेजारी दोन माणसांच्या आकृत्या आणि एक चौकोन, बस. पण मासा देखणा आहे.

अडचण कशी सुरू झाली

अडचण एकच असती तर निस्तरली असती, इथे तीन होत्या आणि तिन्ही एकमेकींत अडकलेल्या.

पहिली गोष्ट व्याख्यानातच झाली. व्याख्याते सर पुण्याचे, अभ्यासू माणूस, स्लाइड सुंदर. काळ ठरवणं का अवघड आहे हे त्यांनी फार छान समजावलं, की दगडात नुसती रेघ कोरलीय, त्यात कोळसा नाही, हाड नाही, मग कार्बन डेटिंग करणार कशाचं, आणि सड्यावर माती साचतच नाही त्यामुळे थरांवरूनही फारसं काही सांगता येत नाही. मग चित्रांवरूनच अंदाज बांधायचा. काही ठिकाणी आता कोकणात नसलेला गेंडा दिसतो, शेतीचं चित्र कुठे नाही, म्हणजे शिकार करून जगणाऱ्या लोकांचं काम असावं, बरेच अभ्यासक दहाएक हजार वर्षं मागे जातात. लोक कान देऊन ऐकत होते. मग प्रश्नोत्तरं. एकाने परग्रहवासी विचारलं (हा प्रश्न दर वेळी येतोच, त्याचं काही वाटत नाही). मग मागून एक काका उठले आणि म्हणाले, "आमच्यात सांगतात ती पांडवांनी एका रात्रीत काढली, कोंबडा आरवला नि मासा अर्धा रायला." सर हसले. वाईट हेतूने नाही हो, सहज हसले, आणि म्हणाले, पांडवांना एका रात्रीत फारच कामं होती महाराष्ट्रात. सभागृह खदाखदा हसलं. मीही हसलो. काका बसले आणि पाच मिनिटांनी उठून गेले, चहालाही थांबले नाहीत.

तेच जागामालक. म्हणजे सातबाऱ्यावरच्या अकरा नावांपैकी एक, पण गावात राहणारे, गवत कापणारे, वणवा लागला तर विझवायला धावणारे ते एकटेच.

दुसरी गोष्ट वेळेची. सड्यावर जायला आम्ही साडेनऊ ठरवलं, बस आली दहाला, चालत पोचेपर्यंत साडेअकरा. आता ज्याने कातळशिल्प बघितलंय त्याला माहीत असतं की रेघ दोन-तीन सेंटीमीटर खोल असते आणि ऊन तिरकं असेल तरच तिच्यात सावली पडते. साडेअकराला ऊन डोक्यावर. साठेक माणसं काळपट दगडाकडे बघत उभी, मासा कुठाय, मासा कुठाय, आणि सर हवेत बोट फिरवून दाखवतायत की ही शेपटी, हा पर. कुणाला काही दिसेना. पोरं कंटाळली. तेवढ्यात एका शिक्षिकेने पर्समधून रांगोळीची पुडी काढली, मार्गशीर्षातला गुरुवार होता, आणि विचारलं, रेघेत टाकू का जरा?

इथे मी हो म्हटलं. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं पाऊस पडला की जाईल धुऊन. पाच मिनिटांत अख्खा मासा पांढराशुभ्र उमटला आणि लोकांच्या तोंडून खरोखर "आ" निघाला. फोटोच फोटो. रात्रीपर्यंत तो मासा तालुक्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर होता, खाली लोकेशनसकट.

तिसरी गोष्ट त्यातूनच आली. जानेवारीत दर शनिवार-रविवार गाड्या यायला लागल्या. लोकांना फोटोतला पांढरा मासा हवा होता आणि जागेवर तर काळा कातळ. मग कुणी खडू आणला, कुणी रांगोळी, आणि कुणीतरी थेट चुना कालवून ब्रशने भरला. रेघ स्वच्छ करायला खिळ्याने खरवडल्याच्या खुणाही एका माणसाच्या आकृतीवर दिसल्या. गवताच्या गंजीशेजारी सिगारेटची थोटकं. सड्यावरच्या सुकल्या गवताला एक ठिणगी पुरते, कोकणात राहणाऱ्याला हे सांगायला लागत नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काकांनी पायवाटेवर करवंदीच्या जाळ्या तोडून आडव्या टाकल्या आणि वाट बंद केली. आणि त्याच आठवड्यात कानावर आलं की एक चिरेखाणवाला त्यांच्याकडे दोनदा येऊन गेलाय.

याचा अर्थ काय ते सांगतो. जांभा दगड खाणीत ओला, मऊ असताना चिऱ्यांच्या आकारात कापता येतो आणि हवा लागली की कडक होतो. कंपनी सरकारसाठी पाहणी करत फिरणाऱ्या फ्रान्सिस बुकॅननने १८०० च्या सुमारास केरळात हा दगड असाच विटांसारखा कापताना बघितला आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याचं लॅटराइट हे नाव ठेवलं. म्हणजे आमचा सडा ही वरून चित्रांची वही आणि आतून तयार विटांचा ढीग. आणि विटांना भाव आहे, चित्रांना नाही.

काय काय पर्याय होते

कार्यकारिणीची बैठक तावातावाने झाली. एक मत असं की आपण व्याख्यान घेतलं, आपलं काम संपलं, बाकी सरकारने बघावं. खरं सांगायचं तर हे मत सगळ्यात आरामाचं होतं आणि अर्ध्या लोकांना मनातून तेच हवं होतं.

दुसरं मत, पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करून जागा राज्य संरक्षित करून घ्यायची. कायदा आहे, १९६० चा. पण याला वेळ लागतो आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गावात "संरक्षित" शब्दाचीच धास्ती होती. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरात बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरात परवानगी लागते, हे लोकांनी कुठूनतरी अर्धवट ऐकलेलं, त्यात आमच्या व्याख्यानात युनेस्को युनेस्को पन्नासदा झालेलं. वाडीत अर्थ असा लागला की सडा जाणार, आंब्याची कलमं लावता येणार नाहीत, गुरं चारता येणार नाहीत. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीने कुणाच्या जमिनीवर एका फुटाचंही बंधन येत नाही आणि आपलं गाव तर त्या यादीतच नाही, ही दोन वाक्यं व्याख्यानात कुणीच बोललं नव्हतं.

तिसरं मत, पोलिसांत तक्रार करायची, चुना भरणाऱ्यांविरुद्ध. कोण भरला? माहीत नाही. मग तक्रार कुणाविरुद्ध? आणि पहिली रांगोळी कुणी घातली होती?

चौथं, आमच्या एका ज्येष्ठ सभासदांचं. ते एवढंच म्हणाले की त्या माणसाकडे कुणी गेलंय का अजून? कुणीच गेलं नव्हतं. दोन महिने झाले होते.

काय केलं

मी आणि ते ज्येष्ठ सभासद असे दोघं गेलो. फोन न करता, संध्याकाळी, कारण फोनवर नाही म्हणणं फार सोपं असतं. काका पडवीत बसले होते, आत या म्हणाले, पाणी आलं, पण बोलणं येईना. शेवटी मीच म्हटलं, काका, त्या दिवशी आम्ही हसायला नको होतं.

ते म्हणाले, "हसलाव त्याचं काय नाय. पण आमच्या सड्यावर तुमी माणसं घेऊन आलाव नि आमालाच ठावं नाय. माजा बापूस त्या माशाला पाय लावून देत नवता. तुमी बूट घालून फोटो काडलाव."

याला उत्तर नव्हतं. आम्ही दिलंही नाही. चहा झाला, निघताना त्यांनी स्वतःहून सांगितलं की चिरेखाणवाल्याला अजून हो म्हटलेलं नाही, पण मुंबईतल्या भावांचं मन आहे. तिथे आम्हाला खरा मुद्दा कळला. निर्णय काकांच्या हातात नव्हताच, तो अकरा जणांचा होता आणि त्यातले आठ डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्यात. ते सगळे एकत्र गावात सापडणार फक्त दोनदा, गणपतीत आणि शिमग्याला. शिमगा तोंडावर आला होता, तयारीला वेळ नव्हता. म्हणून ठरलं की गणपतीपर्यंत काहीही कार्यक्रम नाही, फोटो नाही, पोस्ट नाही. जुन्या पोस्टमधलं लोकेशन ज्यांना ज्यांना सांगता आलं त्यांना काढायला सांगितलं, निम्म्यांनी काढलं.

चुन्याचं काय करायचं हा वेगळा वाद. दोन उत्साही मुलं वायर ब्रश घेऊन निघालीच होती. सरांना फोन केला, ते म्हणाले अजिबात घासू नका, घासून जे जाईल त्यात मूळ कातळही जाईल, पाऊस येऊ दे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याच्यावर भरवसा टाकला. सर या फोनवर पांडवांबद्दल आपणहून बोलले, म्हणाले मला तो माणूस अजून डोळ्यासमोर येतो.

गणपतीत गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी बैठक झाली. आम्ही तिघंच गेलो, प्रोजेक्टर नेला नाही. सातबारा काढून सड्याचा नकाशा कागदावर मांडला आणि विचारलं की चित्रं आहेत तो तुकडा एकूण जमिनीत केवढा? उत्तर आलं, कोपऱ्यातला लहानसा. मग बोलणं वेगळंच झालं. तोपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात सगळा सडा विरुद्ध चित्रं असं होतं. नऊ जण म्हणाले की तेवढा तुकडा आणि भोवतीची थोडी जागा खाणीला द्यायची नाही. दोघं म्हणाले बघू. हे कुठे नोंदवलेलं नाही, वहीतल्या कागदावर सह्या आहेत, कायद्याने त्याला काय किंमत आहे ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्यातले एक वकील म्हणाले रीतसर करार करा. काकांचा पुतण्या म्हणाला करार म्हटलात तर आत्ताच्या आत्ता पाच जण सह्या मागे घेतील. कागदावर थांबलो. मला अजूनही वाटतं तेव्हा तेच बरोबर होतं.

मग शिमग्याचं व्याख्यान. या वेळी आधी वाडीत, सहाणेवर म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, तालुक्यात नाही. वेळ संध्याकाळी साडेपाच. आणि इथे आणखी एक वाद. वाडीच्या मानकऱ्यांचं म्हणणं, कातळावर माणसं न्यायची तर आधी गाऱ्हाणं घालायला हवं, म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने साकडं. आमच्यातल्या दोघांना हे पटेना, पुरातत्त्वाच्या व्याख्यानाला गाऱ्हाणं कशाला, मुलांपुढे काय जातं यातून. वाद बराच वेळ चालला. मी स्वतः देवभोळा नाही, पण माझं मत पडलं की पाहुणे आपण आहोत, घरची रीत घरच्यांनी ठरवायची. सरांना विचारलं तर त्यांनी एका वाक्यात संपवलं, गाऱ्हाणं हीसुद्धा जुनी गोष्टच आहे, मला ऐकायचंय.

काय झालं

पानविडा ठेवला, नारळ ठेवला, मानकरी उभे राहिले. "बा देवा महाराजा, आज ही जी लेकरं तुज्या कातळावर गोळा झालीत, त्यांच्या पायाखाली काय येऊ नको, जनावरापासून सांभाळ कर रे महाराजा" आणि सगळ्यांनी मिळून "व्हय महाराजा". जनावर म्हणजे इथे फुरसं, विषारी साप. सड्यावर अंधार पडल्यावर ती भीती खरी आहे, म्हणून वाडीतली चार पोरं काठ्या आपटत पुढे गेली आणि माशाभोवती दोरी लावून ठेवली, दोरीच्या आत कुणी नाही.

सर पंधरा मिनिटं बोलले, बस. पांडवांपासूनच सुरुवात केली. म्हणाले, ज्याने पहिल्यांदा पांडवांची गोष्ट सांगितली त्याला दोन गोष्टी नक्की कळल्या होत्या, हे काम आपल्या आज्यापणज्याचं नाही, फार जुनं आहे, आणि हे माणसाच्या हाताचं आहे. आम्ही अभ्यासकही अजून त्याच्या फार पुढे गेलेलो नाही. काका खाली मान घालून ऐकत होते पण कान इकडेच होता.

सूर्य टेकला तसा मासा दिसायला लागला, आधी पाठीची रेघ, मग पर. आणि पूर्ण अंधार झाल्यावर एका सातवीतल्या मुलीने बॅटरी कातळाला टेकवून आडवी धरली आणि एकदम सगळा मासा उठून उभा राहिला, प्रत्येक रेघेत काळीकुट्ट सावली, रांगोळीने दिसला होता त्यापेक्षा दहापट स्वच्छ. ती बॅटरी फिरवायची तसा मासा हलल्यासारखा वाटायचा. फोटो काढायला कुणी विसरलं असं नाही म्हणा, काढलेच, पण या वेळी ग्रुपवर टाकताना खाली गाव लिहायचं नाही हे पोरंच एकमेकांना सांगत होती. खाली उतरल्यावर वाडीच्या बचत गटाने घावने आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली होती, पैसे त्यांनाच. प्रवेश फी ठेवायची सूचना आली होती ती आम्ही टाळली, ती कुणी घ्यायची यावरून अकरा जणांत भांडण लागलं असतं.

रांगोळी, खडू पावसाने गेले होते. चुना मात्र शेपटीच्या आतल्या कोपऱ्यात चिकटून राहिलाय, बोटभर पांढरा डाग. खिळ्याच्या खुणाही आहेतच, त्या कशानेच जाणार नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, साडेअकराला सड्यावर पोचल्यावर मी सरळ सांगायला हवं होतं की आज उशीर झाला, आज दिसणार नाही, परत येऊ. साठ माणसं नाराज होऊन गेली असती, एवढंच. किंवा एक मोठी चादर धरून तिची सावली पाडायची आणि आरशाने तिरका उजेड टाकायचा, हे नंतर सुचलं, करूनही बघितलं, बऱ्यापैकी जमतं.

दुसरं म्हणजे व्याख्यानाच्या आधी सातबारा. आम्ही व्याख्यात्याची प्रवासाची सोय, हॉल, माईक, बॅनर सगळं दोन महिने आधी केलं आणि जमीन कुणाची हे बघितलंच नाही. आता पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर पहिल्याच ओळीत तो रकाना घातलाय.

एका गोष्टीबद्दल माझं अजून ठरत नाही. फोटो पसरला नसता तर चुना आला नसता, खरं आहे. पण फोटो पसरला नसता तर काका चिडले नसते, आम्ही त्यांच्या पडवीत गेलो नसतो, आणि मुंबईच्या भावांनी कदाचित गुपचूप खाण देऊनही टाकली असती. कार्यकारिणीत यावर दोन तट आहेत आणि मी कुठल्या बाजूला आहे ते दिवसागणिक बदलतं.

"बघू" म्हणणाऱ्या दोघांचं अजून बघणंच चाललंय. सड्याच्या पलीकडच्या अंगाला, दुसऱ्या मालकाच्या जमिनीत, चिरे कापायचं मशीन चालू आहे, शांत दुपारी मासा बघायला उभं राहिलं की त्याचा आवाज स्पष्ट येतो.

आणि घावने खाताना एक आजी माझ्या शेजारी येऊन बसली, हळूच म्हणाली, "अजून एक चित्र हाय, वरच्या अंगाला, तुमाला कोणी दाखवलं नाय." कुठे म्हणून विचारलं तर माझ्या पानात आणखी एक घावन टाकलं आणि म्हणाली, "पुढच्या शिमग्याला ये, मग बघू."